एका फुटाला एक इंच

कापसाचा हंगाम आला की मला थकवा येतो. आता मी काहीच करत नाही. शाळेतली नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, घरात दोन माणसांचा स्वयंपाक, तोही सून करते. तरी दसरा उलटला, शेतं पांढरी व्हायला लागली, की माझे खांदे उगाच जड होतात. दारावरून ठासून भरलेल्या ट्रॉल्या जातात. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकून राहतात. मी ओट्यावर बसून ते बघते आणि कुणी काही विचारलं तर म्हणते, दमले गं बाई. सून हसते. कशानं दमलात, विचारते. मला सांगता येत नाही.

माझ्या मनात सगळे हंगाम एकमेकांत मिसळून गेलेत. एकच वेगळा राहिला. वऱ्हाड तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. मी कारंज्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझे यजमान कापसातली सरकी काढणाऱ्या जीनमध्ये फिटर होते. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आणि नाव घ्यायचं नसल्यामुळे मीही मनातल्या मनात मिस्त्रीच म्हणायचे. हंगामात जीन थांबत नसे. मिस्त्री घरी यायचे ते केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई घेऊन. भोंग्यानं उठायचं, भोंग्यानं जेवायचं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली वेचणीला गेलेल्या असायच्या, आणि ज्या यायच्या त्या पेंगायच्या. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं इतकी चिरलेली असत की पेन्सिल धरवत नसे. त्यांना रागवायचं बळही माझ्यात नसे.

अशातच एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक उंच, वाळलेली बाई दारात येऊन उभी राहिली.

“लढाईतून आलेला मिस्त्री इथंच राह्यते काय वं?”

मिस्त्री आत जेवत होते. आवाज ऐकून बाहेर आले आणि हात न धुताच उभे राहिले.

“मी किसनची माय,” ती म्हणाली. “आसेगावची. कापसाच्या गाडीसंगं आली.”

किसन म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. लग्नानंतर मिस्त्रींनी लढाईतलं मला जे थोडंफार सांगितलं, त्यात किसन होता. ब्रह्मदेशात हे रणगाड्यांच्या दुरुस्तीच्या तुकडीत होते आणि किसन रणगाडा चालवायचा. तिथं पंजाबी होते, मद्राशी होते, गोरे होते. मंगरूळ, कारंजा ही नावं ज्याला कळतील असा एकटा किसन. त्याची गाडी पेटली, तो आतच गेला. लढाईनंतर मिस्त्री आसेगावला जाऊन त्याच्या वडिलांना सांगून आले होते. एवढंच मला ठाऊक होतं.

बाईचं नाव पारबताबाई. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

“तू आलता तवा मी आतच होती, बापू. मले कोनी बाहेर येऊ देलं नाही. त्याचा बाप होता तोवर घरात हे गोष्टच निंगत नव्हती. आता थो बी गेला. तं मी म्हणलं, आपून इचारून यावं.”

“इचार ना, माय.”

“गाडीत पाच जण होते म्हणतात. चार निंगाले. माहाच काहून राह्यला?”

मिस्त्री म्हणाले, “गाडी पेटली होती, माय.”

“ते मालूम हाय. पण हे गाडी कशी असते? बैलगाडी पेटली तं मानूस उडी मारते. हे अशी कशी गाडी हाय का जिच्यातून उतरताच येत नाही?”

मिस्त्रींनी माझ्या पिशवीतून खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर रणगाडा काढून दाखवला. बाजूनं, वरून, पुढून. इथं चालवणारा, इथं तोफेवरचा, हा वरचा घुमट, हा असा गोल फिरतो. पारबताबाई वाकून बघत होती. खूप वेळ बघून ती म्हणाली, “हे तं रांगोळी झाली, बापू. याच्यात माहा लेक कुठी बसे?”

मिस्त्री उकिडवेच बसून राहिले. बाहेर तिच्या दिराची गाडी निघायची घाई होती, हाका येत होत्या. शेवटी हे म्हणाले, “करून दाखवतो. होळीच्या आंदी एकडाव ये.”

त्या हंगामात आमच्याकडे सगळं होतं, फक्त वेळ नव्हता. तरी मिस्त्रींनी तो काढला. जीनवर जायच्या आधी सकाळी आणि सुटीच्या दिवशी ते मागच्या पडवीत सागाचे तुकडे घेऊन बसायचे. त्यांनी मला एकदाच समजावून सांगितलं: एका फुटाला एक इंच. खऱ्या गाडीत जे एक फूट, ते इथं एक इंच. सगळंच. चाकही, तोफही, माणूसही. ऐकायला किती सोपं वाटलं होतं ते! मला वाटलं, महिनाभराचं काम.

पहिली चाकं त्यांनी अंदाजानं केली आणि फेकली. मग हबीबभाईंकडे गेले. हबीबभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी खराद चालवायचे, खाटांचे नि पाळण्यांचे पाय करायचे. त्यांनी चाकं करून दिली, मिस्त्रींनी पट्टी लावली, परत केली. दुसऱ्यांदाही परत केली. हबीबभाई चिडले.

“मिस्त्री, खेळनाच हाय ना? अर्धा सूत इकडे तिकडे झाला तर कोनता पोट्टा रडते?”

“खेळणं नाही, हबीबभाई. एका मायले दाखवाचं हाय, तिचा लेक कुठं बसे ते.”

हबीबभाईंनी पट्टी मागून घेतली. म्हणाले, “पहलेच सांगायचं ना.” पुढची चाकं ते स्वतःच आणून द्यायला आले. मिस्त्रींनी मोजली नाहीत, तशीच बसवली, आणि ती बसली.

मापं मिस्त्रींच्या अंगातच होती. दुरुस्तीला आलेल्या गाडीत ते दिवसचे दिवस घुसून काम करायचे. आठवेना, की ते पडवीत तसेच बसून बघायचे. गुडघे पोटाशी, खांदे आवळलेले, डोकं खाली. हात लांब करून हवेतच काहीतरी चाचपायचे. मग उठून पट्टी घ्यायचे. मी शाळेतून दमून आलेली असायचे, स्वयंपाक पडलेला असायचा, आणि समोर माझा नवरा नसलेल्या गाडीत बसलेला. मला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा. लढाई माझ्या घरात अशी पाय मुडपून बसेल असं मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

परवा माझ्या पुतण्याच्या नातवानं जत्रेतून आणलेला प्लास्टिकचा रणगाडा माझ्यापुढे ठेवला. हिरवा, चावी दिली की चालणारा. तोफ मुसळाएवढी, घुमट टोपणाएवढा. पोरगा आनंदानं नाचत होता आणि मी मात्र बघतच राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, यात माणूस बसणार कुठे?” तो म्हणाला, “आजी, यात माणूस नसतोच.” मला त्याचा हेवा वाटला.

मिस्त्रींच्या गाडीत माणूस होता. पौषात त्यांनी किसन केला. बोटभर लाकडाचा, बसलेला, हात पुढे दांड्यांवर. चेहरा कोरला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तिले मालूम हाय ना, कसा होता ते.” अंगावर शर्ट मात्र हवा होता, आणि तो माझ्याकडे आला. मी जुन्या खाकीचा तुकडा घेऊन शिवला. किसन एकदम फुगला. रजई पांघरून बसल्यासारखा दिसायला लागला. मिस्त्री म्हणाले, “कापड जाड हाय. मानूस बारा पट लहान केला, तं कापड बी बारा पट पातळ पायजे.” तसं कापड जगात कुठे मिळतं? मी मलमल चहाच्या पाण्यात रंगवली, एकेरी धाग्यानं शिवली. तरी बाह्या जाडच. शेवटी मी बाह्या नुसत्या चिकटवल्या. त्या शिवणीत मला पहिल्यांदा कळलं की एखादी गोष्ट लहान करणं किती अवघड असतं. सगळं एकसारखं लहान व्हायला तयार नसतं. धागा होत नाही. सुईचं भोक होत नाही. आपली बोटं तर नाहीतच.

गाडी पुरी झाली ती माघात. कपाशी तिसऱ्या वेचणीला आली होती, शेतं मातकट दिसत होती, जीनमध्ये आता शेवटचा डागाळलेला, कवडी कापूस येत होता. मिस्त्रींच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. वनस्पती तुपाच्या डब्याचे पत्रे कापून बसवलेली ती गाडी आमच्या लाकडी पेटीवर उभी होती, आणि खोटं कशाला बोलू, ती सुंदर होती. घुमट बोटानं फिरायचा. पुढे डाव्या अंगाला किसनच्या डोक्यावरचं झाकण होतं, बिजागरीवर उघडणारं.

त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर मिस्त्री घुमट फिरवून झाकण उघडून बघत होते. तोफ सरळ पुढे असली की झाकण छान उघडायचं. ती थोडी डावीकडे वळवली की तोफेची नळी नेमकी झाकणावर यायची, आणि झाकण टक्कन अडायचं. नखभरच वर यायचं.

“चुकलं का काही?” मी विचारलं.

“चुकलं नाही. खऱ्या गाडीत बी असंच होते.”

मला कळायला एक क्षण लागला. मग मी चहा खाली ठेवला.

“म्हणजे किसन असा...”

“मले काय मालूम,” ते म्हणाले आणि घुमट सरळ केला.

त्या दिवसापासून आमची कुरबुर सुरू झाली. मी म्हणत होते, झाकण थोडं घासा. एक सूतभर. म्हणजे तोफ कशीही असली तरी ते उघडेल. त्या बाईला काय कळणार आहे? ती पट्टी घेऊन येणार आहे का? आपला मुलगा आत कोंडून गेला, हे म्हाताऱ्या माणसाला कशाला दाखवायचं?

“तिनं जागा मांगतली हाय,” मिस्त्री म्हणत. “तिले दुसरीच जागा दाखवू काय?”

“मग ती समजून घरी जाईल, आणि जन्मभर ते झाकण तिच्या डोक्यात वाजेल.”

“वाजन.”

“तुम्हाला माणसापेक्षा माप मोठं आहे.”

आम्ही दोघंही इतके शिणलेले होतो की भांडणही धड व्हायचं नाही, मध्येच गळून पडायचं. भोंगा व्हायचा, ते जायचे, मी शाळेत जायचे.

होळी जवळ आली तशी पारबताबाई मंगरूळच्या मोटारीनं आली. या वेळी एकटीच. तिनं गाठोड्यातून आमच्यासाठी तुरीची डाळ आणली होती. ती आली तेव्हा गाडी पेटीवरच होती आणि तोफ सरळ पुढे होती. मी मनात म्हटलं, बरं झालं, यांनी माझं ऐकलं. झाकण घासलं नाही, पण निदान तोफ तरी सरळ ठेवली.

पारबताबाई पेटीपुढे जमिनीवर बसली. गाडीकडे बघून म्हणाली, “एवढी असते?”

“याच्या बारा पट, माय. तुमचा गोठा हाय ना, तेवढी.”

“अन् माहा कुठी हाय?”

मिस्त्रींनी वरचा एक पत्रा सरकवला. आत किसन दिसला. तिनं त्याला हात लावला नाही. मान तिरपी करून बघितलं. “वाकून बसे?”

“वाकूनच बसावं लागे.”

“उंच होता. घरात बी वाकूनच ये,” ती म्हणाली. पत्रा तिनंच परत सरकवला. “त्याचं दार कोणतं?”

मिस्त्रींनी दाखवलं. तिनं नखानं झाकण उचललं. ते उघडलं. तिनं लावलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता ती सुटकेचा श्वास सोडेल. पण तिचा चेहरा असा उतरला, जसा मी तो पहिल्या दिवशीही पाहिला नव्हता.

“उघडते तं,” ती म्हणाली. “हे तं सोयीनं उघडते.”

तिनं झाकण हळूच खाली टेकवलं.

“मंग खरंच हाय,” ती म्हणाली. “बापू, हे मी आजलोक कोणाजोळ बोलली नाही. किसन अखेरच्या सुट्टीत आलता नं, तवा मीनंच त्याले म्हणलं होतं. लोखंडाच्या घरात राह्यतं तं आतच राह्यजो. काई झालं तरी डोकं बाहेर काढजो नको. बाहेर गोळ्या असतात. त्यानं हाव म्हणलं. माहं आयकणारा लेकरू होता थो. चार निंगाले, माहा राह्यला. थो माह्यासाठी राह्यला, बापू. मायनं सांगतलं म्हणून बसून राह्यला.”

ती रडत नव्हती. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. दहा वर्षं मनात घोळवलेल्या बोलण्याला बहुधा असाच आवाज उरतो.

मिस्त्री उठले. पेटीपाशी आले. दोन बोटांनी त्यांनी घुमट डावीकडे वळवला, थोडासाच. तोफेची नळी झाकणावर आली.

“आता उघड, माय.”

तिनं झाकण उचललं. टक्क. तिनं पुन्हा उचललं. टक्क. मग नखानं जोर लावला. बिजागरी वाकली, झाकण उघडलं नाही.

“अशी होती,” मिस्त्री म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “अशी होती?”

“हाव. तोफ आडवी आली होती. बाकीच्यायचे दारं मोकळे होते, म्हणून ते निंगाले. त्याचंच अडकलं.”

“दुसरीकडून नव्हतं निंगता येत?”

“बाजूच्या मानसाच्या जागेतून येते. पण मधात मशीन हाय, तिच्यावरून सरपटत जावं लागते. तेवढा येळ भेटला नाही.”

“म्हणजे थो बसून नव्हता राह्यला?”

“नाही, माय.”

“लोटलं असंल नं त्यानं?”

“लोटलं.”

पारबताबाईनं पदर तोंडाला लावला, आणि मग ती रडली. माझ्या डोळ्यांसमोर एक आई आपला मुलगा बंद पेटीत मेल्याचं ऐकून हलकी होत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला काहीच कळत नव्हतं, की दुःख कुठे संपतं आणि सुटका कुठे सुरू होते.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “काढ त्याले आता बाहेर.”

मिस्त्रींनी तोफ सरळ केली. झाकण उघडलं. चिमटीत धरून किसनला वर ओढायला लागले, तर माझ्या जाड झालेल्या बाह्या कडेला अडकल्या. त्यांनी घाई केली नाही. एक खांदा आधी, मग दुसरा, असं करत त्यांनी त्याला काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिनं बिनचेहऱ्याच्या त्या डोक्यावरून अंगठा फिरवला. त्याला डाळीच्या रिकाम्या फडक्यात गुंडाळून ती दुपारच्या मोटारीनं गेली. गाडी मात्र तिनं नेली नाही. “मले ते घरात नको,” म्हणाली.

ती गेल्यावर मी मिस्त्रींना विचारलं, “तोफ खरंच तशी होती?”

ते हात धूत होते. खूप वेळ धूत होते.

“गाडी आमच्याकडे ओढून आणली तवा तोफ मागं फिरवलेली होती,” ते म्हणाले. “ओढून आणताना तसंच करतात.”

“मग त्या वेळी?”

“त्या येळी मी कोसभर मागं होतो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“नाही.”

ज्या माणसानं अर्ध्या सुतासाठी हबीबभाईंची चाकं दोनदा परत केली, महिनाभर माझ्याशी वाद घातला, त्यानं सगळ्यात मोठं माप अंदाजानं सांगितलं होतं. कदाचित तसंच झालं असेल. कदाचित किसन धुरानं आधीच गेला असेल. कदाचित तो खरंच आईचं ऐकून बसला असेल. मी काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांच्यात आता काही उरलेलं नाही. मी ताट वाढलं.

त्यांनी पुन्हा कधी काही कोरलं नाही. रिकामी गाडी काही वर्षं पेटीवर होती, मग माळ्यावर गेली, मग सागाला लागत नाही म्हणतात ती वाळवीही तिला लागली. मिस्त्रीही आता नाहीत. आणि हंगाम मात्र दर वर्षी येतच राहतो. त्याला आमच्या थकण्याशी काय घेणं!

गाडी अजून पेटीवरच होती, तेव्हाच्या एका हंगामात मला शाळेच्या कामानं आसेगावला जावं लागलं, वेचणीपायी शाळेतून गळालेल्या मुली शोधायला. मुली शेतातच सापडणार, म्हणून मी बांधावरून हिंडत होते. कपाशीच्या एका ओळीवर, तासावर, बायका वेचत होत्या आणि त्यात पारबताबाई होती. कमरेला फुगलेली ओटी, डोक्यावर पदर. तिनं मला ओळखलं. बाकीच्या बायकांना म्हणाली, “हे थ्या मिस्त्रीची बायको. त्यानंच मले सांगतलं.”

एक पोरसवदा सून होती, तिला गोष्ट ठाऊक नसावी. “काय सांगतलं, माय?”

पारबताबाई सरळ झाली. “माहा किसन बसून नव्हता राह्यला,” म्हणाली. “दार अडकलं होतं. तरी त्यानं लोटलं. असं लोटलं.” आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले, तळवे आभाळाकडे करून, गुडघे थोडे वाकवून, सगळं अंग ताणून तिनं वर ढकललं. ओटीतला कापूस तिच्या पायांशी सांडला. बायका हात थांबवून बघत होत्या. मग तिनं हात खाली घेतले, खाली बसून कापूस गोळा केला, आणि सगळ्या पुन्हा तासाला लागल्या.

संध्याकाळी घरी येऊन मी हे मिस्त्रींना सांगितलं. ते नुकतेच जीनवरून आले होते, भुवयांवर रुई तशीच होती.

“दोन्ही हातानं?” त्यांनी विचारलं.

“हो. दोन्ही हातांनी.”

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “एका हातानं ते झाकण उठतच नाही.”